एका पेनड्राइव्हवर तीन सिस्टीम: पार्टिशन किती पाडायची आणि कशासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. १२८ जीबीच्या पेनड्राइव्हची तीन पार्टिशन पाडली. पहिल्यावर विंडोज ११चा इन्स्टॉलर, दुसऱ्यावर लिनक्स मिंट आणि तिसऱ्यावर डिस्कची हुबेहूब नक्कल काढणारं क्लोनझिला टाकायचा बेत होता. विंडोज आणि क्लोनझिला टाकून झालं, पण बूट करताना दोन्हींपैकी एकच उठतं, दुसरं मेन्यूत दिसतही नाही. मग मिंटची आयएसओ (अख्खी इन्स्टॉल डिस्क ज्यात असते ती एक फाइल) एका टूलने दुसऱ्या पार्टिशनवर लिहायला घेतली, तर तिन्ही पार्टिशन उडाली आणि आता विंडोज 'फॉरमॅट करा' एवढंच म्हणतं. हे सगळं एकत्र कसं बसवायचं?

बसतं, आणि चांगलं बसतं. पण त्यासाठी 'जितक्या सिस्टीम तितकी पार्टिशन' हा हिशेब आधी डोक्यातून काढावा लागेल. पार्टिशन सिस्टीम मोजून पाडायची नसतात, कामं मोजून पाडायची असतात: बूटलोडरला (मशीन सुरू होताना सिस्टीम उठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) एक, आयएसओ फाइलींना एक, स्वतःच्या डेटाला हवं तर एक. का, ते एकदा नीट कळलं की पुढची निम्मी डोकेदुखी आपोआप टळते, म्हणून आधी तेवढं सांगतो.

गेल्या दहा-बारा वर्षांतलं जवळपास प्रत्येक मशीन यूईएफआयने, म्हणजे मदरबोर्डवरच्या स्टार्टअप प्रोग्रामने, सुरू होतं. आतल्या डिस्कवर बसवलेल्या सिस्टीमची नोंद मदरबोर्डवरच्या मेमरीत असते, 'विंडोज बूट मॅनेजर' किंवा 'उबुंटू' अशा नावाने. पेनड्राइव्ह आज या मशीनला, उद्या त्या मशीनला. त्याची नोंद कुठेच नसते. म्हणून पेनड्राइव्हसाठी एक ठरलेला पत्ता आहे: फॅट फॉरमॅटचं पार्टिशन, त्यात 'ईएफआय' नावाचा फोल्डर, त्यात 'बूट' फोल्डर आणि त्यात 'बूटएक्स६४.ईएफआय' ही फाइल. यूईएफआय ती फाइल शोधतं आणि चालवतं. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये ही फाइल याच नावाने असते, मिंटमध्येही याच नावाने आणि क्लोनझिलातही याच नावाने. तीन पार्टिशनवर एकाच नावाच्या तीन फाइली ठेवल्या, तर काही मशीन तिन्ही वेगवेगळ्या दाखवतात, पण बरीचशी पहिली सापडली की तिथेच थांबतात. मशीन कुठलं आहे यावर सगळं अवलंबून, आणि असा पेनड्राइव्ह कामाला येत नाही. तिन्ही आयएसओ उघडून एकाच पार्टिशनवर कॉपी केल्या तर आणखी वाईट, शेवटची फाइल आधीच्या दोघींवर चढून बसते.

यूईएफआयच्या आधीच्या जुन्या बायोसवर जागा याहून कमी. पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट बूटच्या कोडसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनच्या तक्त्यासाठी, उरलेले २ बाइट सहीचे. तिथे एकच कोड मावतो. म्हणजे यूईएफआय असो की बायोस, दारात एकच बूटलोडर उभा राहू शकतो. बाकी सगळ्या सिस्टीम त्याच्या मेन्यूमागे असायला हव्यात.

आता पार्टिशन उडाली कशी, ते. लिनक्सच्या आजकालच्या आयएसओ दुहेरी घडणीच्या असतात. त्या डीव्हीडीवरही चालतात आणि जशाच्या तशा पेनड्राइव्हवर लिहिल्या तरीही चालतात, कारण त्यांच्या पोटातच स्वतःचा पार्टिशनचा तक्ता असतो. आयएसओ लिहिणारं बलेना एचर हे टूल किंवा तशाच रुफसचा डीडी मोड आयएसओचा पहिला बाइट पेनड्राइव्हच्या पहिल्या बाइटवर लिहितो. तुम्ही पडद्यावर कुठल्या पार्टिशनवर बोट ठेवलं होतं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तुमचा तक्ता गेला, आयएसओचा आला. त्या पेनड्राइव्हवर काही महत्त्वाचं होतं का? असेल तर आत्ता त्यावर काहीही लिहू नका. आयएसओ जिथपर्यंत लिहिली गेली त्याच्या पुढचा डेटा बहुतेक वेळा जागेवर असतो, फक्त तक्ता हरवलेला असतो. टेस्टडिस्क हे मोफत टूल जुनी पार्टिशन हुडकून देतं. आधी ते करून पाहा.

काही महत्त्वाचं नसेल तर पेनड्राइव्ह कोरा करून घ्या. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'डिस्कपार्ट' चालवा, 'लिस्ट डिस्क' द्या. इथे घाई नको. १२८ जीबीचा पेनड्राइव्ह इथे ११९ जीबीच्या आसपास दिसेल, कारण कंपनी जीबी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या. त्या आकड्यावरून डिस्क ओळखा, 'सिलेक्ट डिस्क' आणि तिचा नंबर द्या, पुन्हा एकदा 'लिस्ट डिस्क' देऊन चांदणी योग्य ओळीपुढे आली आहे का ते बघा आणि मगच 'क्लीन'. ही कमांड 'खात्री आहे का' असं विचारत नाही. एंटर दाबला की तक्ता गेला, मग तो लॅपटॉपच्या मुख्य डिस्कचा का असेना.

पेनड्राइव्ह नवा आणि संशयास्पद स्वस्त असेल, तर पुढे जाण्याआधी त्याची क्षमता तपासा. १२८ म्हणून विकलेल्या काही पेनड्राइव्हमध्ये प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट कमी मेमरी असते आणि ती भरली की पुढचं लिखाण नुसतं हरवतं. आयएसओ कॉपी होते, आकार बरोबर दिसतो, पण इन्स्टॉल करताना मधेच 'फाइल खराब आहे' म्हणून गाडी अडते. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ ही टूल्स पूर्ण जागा भरून वाचून बघतात. वेळ लागतो, रात्री लावून ठेवा.

आता मुख्य काम. तुमच्या गरजेसाठी मी डोळे झाकून व्हेंटॉय सुचवेन. ते पेनड्राइव्हवर दोन पार्टिशन करतं. पहिलं मोठं, त्यात तुम्ही आयएसओ फाइली जशाच्या तशा कॉपी करायच्या. दुसरं ३२ एमबीचं छोटं, त्यात त्याचा बूटलोडर. मशीन सुरू झालं की तो बूटलोडर उठतो, पहिल्या पार्टिशनमधल्या आयएसओंची यादी दाखवतो आणि तुम्ही निवडाल ती चालवतो. नवी आवृत्ती आली की जुनी आयएसओ डिलीट करून नवी कॉपी करायची. पेनड्राइव्ह पुन्हा बनवायची गरजच नाही.

इन्स्टॉल करताना 'ऑप्शन' मेन्यूत तीन गोष्टी ठरवा, कारण नंतर बदलायच्या तर सगळं पुसावं लागतं. पहिली, एमबीआर की जीपीटी, म्हणजे पार्टिशनचा तक्ता जुन्या पद्धतीचा की नव्या. व्हेंटॉय दोन्हींवर बायोस आणि यूईएफआय अशी दोन्ही मशीन उठवतं. तरी काही जुने बायोस जीपीटी पेनड्राइव्ह बघून अडखळतात, आणि एमबीआरची २ टीबीची मर्यादा आपल्याला आडवी येत नाही. म्हणून एमबीआर ठेवा. दुसरी, शेवटी मोकळी जागा सोडायची का. 'डिस्कच्या शेवटी काही जागा राखून ठेवा' असा पर्याय आहे. डेटासाठी वेगळं पार्टिशन हवं असेल तर इथे ४० जीबी सोडा आणि इन्स्टॉल झाल्यावर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या मोकळ्या जागेचं तिसरं पार्टिशन करा. एमबीआरवर चार प्रायमरी पार्टिशन चालतात, त्यामुळे अडचण नाही. तिसरी, पहिल्या पार्टिशनचा फॉरमॅट. आपोआप एक्सफॅट येतो आणि तोच बरा. फॅट३२वर एक फाइल ४ जीबीहून मोठी चालत नाही आणि विंडोज ११ची आयएसओ ५ जीबीच्या पुढे आहे, तेव्हा तो पर्याय बादच. एनटीएफएस पेनड्राइव्ह अर्धवट काढल्यावर जास्त तग धरतो, पण मॅकवर त्यात लिहिता येत नाही.

एक्सफॅट घेतला की मात्र एक शिस्त पाळायची. आयएसओ कॉपी करताना, विशेषतः लिनक्सवर, पट्टी झपाट्याने १०० टक्क्यांवर जाते. तेव्हा फाइल बरीचशी अजून रॅममध्येच असते. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत असतो, कधी कधी आणखी चार-पाच मिनिटं. 'इजेक्ट' द्या आणि 'आता काढायला हरकत नाही' असा निरोप येईपर्यंत थांबा. 'मिंट बूट होत नाही' म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पेनड्राइव्हमध्ये अर्धवट कॉपी झालेली आयएसओ हे कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं. म्हणून कॉपी झाल्यावर पेनड्राइव्हवरच्या फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) काढून मूळ संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवा. डाउनलोड फोल्डरमधल्या फाइलचा नव्हे, पेनड्राइव्हवरच्या फाइलचा. व्हेंटॉयच्या मेन्यूतूनही तो काढता येतो.

तिसऱ्या डेटा पार्टिशनबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. विंडोज १०च्या २०१७ सालच्या १७०३ आवृत्तीच्या आधी विंडोज पेनड्राइव्हवरचं फक्त पहिलं पार्टिशन दाखवत असे. झेरॉक्सच्या दुकानात, जुन्या कार्यालयात अजून विंडोज ७ भेटतो. तिथे तुमचं डेटा पार्टिशन दिसणारच नाही. मग लोक डेटा पहिल्या पार्टिशनमध्ये ठेवतात आणि पेनड्राइव्ह प्रिंट काढायला घेऊन जातात. तिथून तो शॉर्टकट व्हायरस घेऊन परततो, आणि याच पेनड्राइव्हने तुम्ही दुसऱ्याचं मशीन दुरुस्त करणार असता. प्रिंटसाठी ८ जीबीचा वेगळा पेनड्राइव्ह ठेवा. हा पेनड्राइव्ह औजार आहे, तसाच वापरा. डेटा पार्टिशन हवं ते एवढ्यासाठी, की बंद पडलेल्या मशीनवर लाइव्ह लिनक्स (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारं) उठवून त्यातली फोटो-कागदपत्रं बाहेर काढायला जागा हाताशी असावी. आणि पहिल्याच पार्टिशनमध्ये ड्रायव्हर वगैरेंचा फोल्डर ठेवलात, तर त्यात '.व्हेंटॉयइग्नोर' नावाची रिकामी फाइल टाका (नाव अर्थात इंग्रजी अक्षरांत). व्हेंटॉय मग त्या फोल्डरमध्ये आयएसओ शोधत बसत नाही आणि मेन्यू लवकर येतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न बहुधा हाच असेल: मिंटमध्ये केलेले बदल, मराठी कीबोर्ड, वाय-फायचे पासवर्ड रीस्टार्टनंतरही राहतील का? लाइव्ह सिस्टीम रॅममध्ये चालते, बंद केली की सगळं जातं. टिकवायचं असेल तर व्हेंटॉयसोबत येणाऱ्या स्क्रिप्टने ४ ते ८ जीबीची एक वेगळी फाइल बनवायची आणि तिची मिंटच्या आयएसओशी जोडी लावायची. जोडी लावण्यासाठी व्हेंटॉय प्लगसन नावाचं ब्राउझरमध्ये उघडणारं टूल आहे, हाताने सेटिंगची जेसन फाइल लिहावी लागत नाही. उबुंटू आणि मिंटवर हे उत्तम चालतं. मात्र या फाइलीत बदल साठवत असताना सगळी सिस्टीम अपडेट करत बसू नका. मूळ आयएसओ तशीच राहते, वरचा थर फुगत जातो आणि एक दिवस जागा संपून डेस्कटॉप उठायचंच थांबतं.

त्याच पेनड्राइव्हवर लिनक्स पूर्ण इन्स्टॉल करण्याचा मोह टाळा. पेनड्राइव्ह मोठी फाइल सलग लिहायला ठीक असतो, पण चालती सिस्टीम शेकडो छोट्या फाइली इकडेतिकडे लिहीत असते आणि तिथे तो रांगतो. शिवाय लवकर झिजतो. पूर्ण इन्स्टॉल हवंच असेल तर छोटी एसएसडी यूएसबी केसमध्ये घालून वापरा, जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि तेव्हा एक सापळा लक्षात ठेवा: उबुंटू-मिंटचा इन्स्टॉलर बाहेरच्या डिस्कवर सिस्टीम टाकतो, पण बूटलोडर अनेकदा लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्ये टाकून मोकळा होतो. नंतर ती एसएसडी दुसऱ्या मशीनवर उठत नाही आणि मूळ लॅपटॉप सुरू करताना समोर ग्रबचा (लिनक्सच्या बूटलोडरचा) काळा पडदा येतो. इन्स्टॉल करण्यापुरती आतली डिस्क काढून ठेवणं, किंवा बायोसमध्ये ती बंद करणं, हाच खात्रीचा उपाय.

आता सेक्युअर बूट, म्हणजे मान्य सही नसलेला बूटलोडर उठू न देणारी मशीनमधली सोय. इथे बरेच जण घाबरून सोडून देतात. व्हेंटॉयमध्ये सेक्युअर बूटचा पर्याय चालू ठेवून पेनड्राइव्ह बनवला, तरी प्रत्येक नव्या मशीनवर पहिल्या वेळी निळ्या पडद्यावर 'व्हेरिफिकेशन फेल्ड, सिक्युरिटी व्हायोलेशन' असं येतं. पेनड्राइव्ह बिघडलेला नाही. ओके दाबा, पुढच्या पडद्यावर दहा सेकंदांच्या आत कुठलीही की दाबा, 'एनरोल की फ्रॉम डिस्क' निवडा, 'व्हीटीओवायईएफआय' हे पार्टिशन उघडा, त्यात 'एनरोल धिस की' अशा शब्दांनी सुरू होणारी फाइल निवडा, कंटिन्यू, यस, रीबूट. एका मशीनवर हे एकदाच करावं लागतं. एवढं करूनही काही नव्या लेनोवो लॅपटॉपवर पेनड्राइव्ह अडतो. तिथे बायोसमध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'थर्ड पार्टी' प्रमाणपत्राला परवानगी देणारा पर्याय बंद असतो, तो चालू करावा लागतो. दुसऱ्याचं मशीन असेल तर त्यात अशी की नोंदवण्याआधी मालकाला विचारा. ती मशीनच्या मेमरीत कायमची राहते.

'त्यापेक्षा सेक्युअर बूटच बंद करतो' असं म्हणण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करणारं कुलूप, बघा. विंडोज ११च्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सेक्युअर बूटची सेटिंग बदलली की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, पण लॅपटॉप घेताना दुकानदाराने कुठल्या ईमेलवर अकाउंट काढलं हे आठवत नसेल तर डेटा गेला असंच समजा. म्हणून बायोसला हात लावण्याआधी विंडोज चालू असतानाच ती की काढून कागदावर लिहून घ्या. यात मी कधीही सूट देत नाही.

आयएसओ ताज्या ठेवण्याचं कारणही इथेच आहे. ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटने लिनक्सच्या जुन्या, धोकादायक ठरलेल्या बूटलोडरना मज्जाव करणारी यादी मशीनमध्ये भरली. त्यानंतर 'व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड' असा संदेश देऊन अनेक जुन्या लाइव्ह आयएसओ आणि विंडोजशेजारी बसवलेली (ड्युअल बूट) लिनक्स उठेनाशी झाली. दोन वर्षं जुनी आयएसओ घेऊन फिरत असाल तर ती आधी बदला. व्हेंटॉयही अपडेट करा, पण 'इन्स्टॉल' नव्हे, 'अपडेट'चं बटण दाबा. अपडेटने पहिल्या पार्टिशनमधल्या फाइलींना धक्का लागत नाही, इन्स्टॉलने सगळं पुसलं जातं. ही दोन बटणं शेजारी-शेजारी आहेत.

व्हेंटॉयवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे: त्याच्या मुक्त सोर्समध्ये आधीच तयार केलेल्या बायनरी फाइलीही आहेत, ज्या नक्की कशातून बनल्या हे बाहेरच्या माणसाला सहज तपासता येत नाही. घरगुती दुरुस्तीसाठी मी ते वापरतो. बँक किंवा इस्पितळाच्या मशीनवर वापरणार नाही. तिथे हाताने बनवलेला ग्रबचा पेनड्राइव्ह बरा.

तो असा बनतो. जीपीटी तक्ता, १ एमबीचं 'बायोस बूट' पार्टिशन, ५१२ एमबीचं फॅट३२ ईएफआय पार्टिशन आणि उरलेली जागा आयएसओंना. ग्रब दोनदा इन्स्टॉल करायचं, एकदा बायोससाठी आणि एकदा यूईएफआयसाठी. दुसऱ्या वेळी 'रिमूव्हेबल' हा पर्याय द्यायला विसरू नका, नाहीतर तो 'बूटएक्स६४' या ठरलेल्या नावाने बसत नाही. मग ग्रबच्या मेन्यूत प्रत्येक लिनक्स आयएसओची 'लूपबॅक' नोंद (आयएसओ डिस्कसारखी उघडणारी) लिहायची. उबुंटूला आयएसओचा पत्ता 'आयएसओ-स्कॅन/फाइलनेम' या पॅरामीटरने द्यावा लागतो, डेबियन लाइव्हला 'फाइंडआयएसओ'ने. विंडोज मात्र या मार्गाने जात नाही. लूपबॅकमधून सेटअप सुरू करायची खटपट केली तरी आयएसओच्या आतल्या फाइली त्याला दिसत नाहीत आणि तो 'मीडिया ड्रायव्हर सापडत नाही' म्हणून थांबतो. विंडोजसाठी खरोखरच वेगळं फॅट३२ पार्टिशन द्यावं लागतं आणि त्यातली 'इन्स्टॉल.विम' ही ४ जीबीहून मोठी फाइल विंडोजच्या डिझम कमांडने दोन तुकड्यांत तोडावी लागते. तुकडे एसडब्ल्यूएम नावाने झाले की सेटअप ते आपोआप ओळखतो. सेक्युअर बूट चालू ठेवायचा असेल तर आणखी एक अडचण: उबुंटूचं सही केलेलं ग्रब डेबियनची कर्नल (सिस्टीमचा गाभा) स्वीकारत नाही. सगळ्या आयएसओ एकाच घराण्यातल्या ठेवल्या तरच ते सुरळीत चालतं.

तुमच्यासाठी शेवटची मांडणी: पहिलं एक्सफॅट पार्टिशन साधारण ७९ जीबी, त्यात विंडोज ११, मिंट, क्लोनझिला, शिवाय जीपार्टेड लाइव्ह (पार्टिशन बदलायला) आणि मेमटेस्ट८६+ (रॅम तपासायला). या शेवटच्या दोन्ही छोट्या आहेत आणि दुरुस्तीत सतत लागतात. मग व्हेंटॉयचं ३२ एमबी. शेवटी ४० जीबी डेटाला. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट संपल्यामुळे जुन्या मशीनवर मिंट टाकून मागणारे बरेच भेटतील. त्यात ३२ बिटचं मशीन निघालं तर मिंटची मुख्य आवृत्ती चालणार नाही, म्हणून अँटीएक्स या हलक्या लिनक्सची ३२ बिट आयएसओही जवळ ठेवा.

बूट मेन्यूसाठी डेल, लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ आहे, पण तो आधी बायोसमध्ये चालू करावा लागतो.

लाइव्ह लिनक्स चालवून परत विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर बॅटरी गेली म्हणून मदरबोर्ड उघडू नका. मशीनचं घड्याळ विंडोज स्थानिक वेळेत ठेवतं, लिनक्स जागतिक वेळेत. लिनक्सने इंटरनेटवरून वेळ घेऊन ती मशीनमध्ये लिहिली की भारतात फरक बरोबर साडेपाच तासांचा पडतो. विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये 'सिंक नाऊ' दाबा. इंटरनेटवरच्या काही साइट प्रमाणपत्राची तक्रार करत असतील तर त्याही त्यानंतर उघडतील.